चिमणीतला कार्बन पकडायला सरकारने पैसे द्यावेत का?

मृण्मयी_क

कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाब देऊन त्याचा जवळजवळ द्रव करायचा आणि जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरवरच्या सच्छिद्र खडकात कायमचा कोंडून ठेवायचा, हे कार्बन कॅप्चर. तंत्र तसं जुनं आहे. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर वायूक्षेत्रावर १९९६ पासून हे काम चालू आहे. बदललंय ते एवढंच, की आता त्याचं बिल सरकारं भरायला लागली आहेत. अमेरिकेत २०२२ च्या कायद्यानंतर कारखान्यातून पकडून जमिनीत गाडलेल्या दर टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते, थेट हवेतून ओढलेल्या टनाला १८० डॉलरपर्यंत. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये २५ वर्षांत मिळून २,१७० कोटी पौंडांपर्यंत देण्याचं जाहीर केलं. एवढा पैसा लोकांच्या खिशातून जाणार असेल, तर तो कुठे जावा आणि कुठे जाऊ नये यावर नीट बोलायला हवं.

मी बरीच वर्षं सरसकट विरोधात होते. कोळसा जाळणाऱ्यांना आणखी काही दशकं जाळत राहायला मिळालेलं निमित्त, असंच वाटायचं. विजेच्या बाबतीत आजही तसंच वाटतं. मत हललं ते चुनखडीच्या साध्या हिशेबाने. मी रसायनशास्त्र शिकवते. कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू. हे समीकरण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण एकदा लिहिता लिहिता हात थांबला. हा वायू इंधनाचा नाही, दगडाचा आहे. भट्टी सूर्याच्या विजेवर चालवा नाहीतर हायड्रोजनवर, ते ४४ किलो जाणारच. सिमेंट कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ६० टक्के असा दगडातून येतो, आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: सरकारने पैसे द्यावेत, पण जिथे दुसरी वाटच नाही तिथेच. वीजनिर्मितीला नकोत, तेल काढायला तर मुळीच नकोत. आणि यंत्र उभारल्याबद्दल नकोत. मोजून खडकात पोचवलेल्या टनाबद्दल द्यावेत.

उत्तरवारा

मृण्मयीताई, चुनखडीचा हिशेब पटला. पण 'दुसरी वाट नाही तिथेच' ही अट आजवर टिकलेली दिसत नाही. पैसा एकदा सुटला की तो ज्यांचे वकील आणि हिशेबनीस तयार बसलेले असतात त्यांच्याकडे जातो.

अमेरिकेचाच इतिहास घ्या. फ्यूचरजेन हा कोळशाचा प्रकल्प २००३ मध्ये जाहीर झाला, २००८ मध्ये सरकारने हात काढून घेतला, २०१० मध्ये नव्या रूपात परत आणला आणि २०१५ मध्ये पुन्हा गुंडाळला. बारा वर्षं भिजत घोंगडं. मिसिसिपीतल्या केंपर प्रकल्पाचा खर्च सुमारे ७५० कोटी डॉलरवर गेला आणि २०१७ मध्ये कोळशापासून वायू करायचा भागच सोडून देऊन ते केंद्र साध्या नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: कोळशाच्या आठ प्रकल्पांवर सरकारचे ६८.४ कोटी डॉलर गेले, त्यातला चालू झाला एक, टेक्सासमधला पेट्रा नोव्हा. तोही २०२० मध्ये तेलाचे भाव पडताच बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेलाच्या भावाशी त्याचा काय संबंध? कारण पकडलेला वायू जुन्या तेलविहिरीत सोडून उरलेलं तेल वर काढायला वापरत होते. वायूने तेल पातळ होतं, फुगतं, वाहतं. ते तेल पुढे जाळलंच जातं.

तुम्ही म्हणता तेलाला नको. २०२२ च्या कायद्यात तेल काढायला वापरलेल्या टनाला कमी, म्हणजे ६० डॉलर होते. २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी तो फरकही पुसून टाकला. तीन वर्षांत! ओळ आखणारे आपण, आणि खोडणारे दुसरेच.

अनिकेत_प

उत्तरवारा, अपयशाची यादी बरोबर आहे, पण प्रत्येक नव्या तंत्राची पहिली वीस वर्षं अशीच दिसतात. सौर पॅनेलांना जर्मनीने २००० च्या कायद्याने ठरावीक चढा दर दिला तेव्हाही उधळपट्टी म्हणूनच टीका झाली. पुढच्या दोन दशकांत पॅनेलांच्या किमती ९० टक्क्यांहून जास्त उतरल्या आणि त्याचा फायदा त्यात एक पैसा न घातलेल्या देशांनाही झाला. हवेतून थेट कार्बन ओढणारी यंत्रं आज महाग आहेत, म्हणूनच आज मदत हवी.

उत्तरवारा

पॅनेल एकसारखी, कोट्यवधींनी बनतात आणि कारखान्यातून खोक्यात भरून बाहेर पडतात. कार्बन पकडण्याचा प्रकल्प दर जागी नव्याने आखावा लागतो: धूर वेगळा, जागा वेगळी, खाली खडक वेगळा. दुसरं म्हणजे पॅनेल वीज देतं, ती विकता येते. गाडलेल्या वायूला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे अनुदान थांबलं की प्रकल्प थांबला.

आणि हवेतल्या यंत्रांचं प्रमाण बघा. सिमेंट भट्टीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड २० टक्क्यांच्या आसपास असतो, हवेत ०.०४ टक्के. म्हणजे ५०० पट विरळ. आइसलँडमधलं मॅमथ हे केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं, त्याची आखलेली क्षमता वर्षाला ३६,००० टन. जगाचं जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या वर आहे.

भट्टीवाला

मी सिमेंटच्या भट्टीवर २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बाहेरून दिसत नाही असं थोडं सांगतो.

धूर पकडणं म्हणजे चिमणीला जाळी लावणं नव्हे. आधी धुरातली धूळ, गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड काढावे लागतात, नाहीतर अमाइनचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनाचं, द्रावण खराब होतं. मग थंड केलेला धूर एका उंच मनोऱ्यात खालून वर जातो, वरून द्रावण पडतं आणि कार्बन डायऑक्साइड त्यात मुरतो. ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवलं की वायू सुटतो आणि द्रावण परत कामाला येतं. सगळा खर्च या तापवण्यात आहे. एका टनाला ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. कोळशाच्या वीजकेंद्रात ही वाफ टर्बाइनच्या तोंडचीच काढावी लागते, म्हणून तिथे वीज चांगलीच घटते. आमच्याकडे क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, १,४५० अंशांवर होतो आणि बरीच उष्णता वाया जाते. थोडी तिच्यातून भागते, सगळी नाही.

नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याने हेच केलं. २०२५ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प वर्षाला ४ लाख टन पकडायला बांधलाय, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाच्या साधारण निम्मा. निम्माच का, तर वाया जाणारी उष्णता तेवढ्याला पुरते. मला हे प्रामाणिक वाटलं. ९५ टक्क्यांची जाहिरात करून ४० टक्के पकडणाऱ्यांपेक्षा निम्म्याचं सांगून निम्मं पकडणारा बरा.

आता पैशाचं. त्या साखळीचा, म्हणजे पकडणं, जहाजाने नेणं आणि समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडणं या सगळ्याचा सुमारे दोन तृतीयांश खर्च नॉर्वे सरकारने उचलला. ते नसतं तर कारखान्याने केलं असतं का? माझ्या अनुभवाने सांगतो, नसतं. सिमेंट हा कमी नफ्याचा, जड मालाचा धंदा आहे. शेजारचा कारखाना पिशवीमागे थोडा स्वस्त पडला की गिऱ्हाईक तिकडे जातं. आमच्या बैठकीत अशा यंत्राचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा तासाभरात मिटला. पहिला पैसा कोण घालणार, याच्या पुढे गाडी सरकलीच नाही.

तिजोरी

स्लाइपनरचं नाव मृण्मयीने पहिल्याच परिच्छेदात घेतलं, पण ते उभं कसं राहिलं हे सांगायचं राहिलं. ते अनुदानावर उभं राहिलेलं नाही. तिथल्या नैसर्गिक वायूत ९ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता, विकण्याआधी तो २.५ टक्क्यांखाली आणणं भागच होतं. वेगळा काढलेला वायू हवेत सोडणं सगळ्यात सोपं. पण नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावला होता. कर भरत बसण्यापेक्षा वायू उट्सिरा या वाळूच्या खडकात सोडणं स्वस्त पडलं. सुरुवातीची कित्येक वर्षं दरवर्षी १० लाख टनांच्या आसपास.

म्हणजे जगातला सगळ्यात जुना, सगळ्यात विश्वासाचा प्रकल्प कराने घडवला. अनुदान देताना सरकार लोकांकडून घेऊन घाण करणाऱ्याला देतं. कर लावताना घाण करणाऱ्याकडून घेतं. टन दोन्हीकडे सारखाच वाचत असेल तर दुसरा रस्ता न्यायाचा आहे. ज्याने सांडलं त्याने पुसावं.

गंधकाचं उदाहरण अनिकेतला जास्त उपयोगी पडलं असतं. वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढण्यातही कंपनीला कमाई नव्हती. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने एकूण गंधकावर मर्यादा घातली, परवान्यांची खरेदी-विक्री होऊ दिली आणि उत्सर्जन पुष्कळ उतरलं. गिऱ्हाईक नसलेल्या कामालाही कायदा गिऱ्हाईक निर्माण करतो.

मृण्मयी_क

तिजोरी, करावर माझं दुमत नाही. अडचण भट्टीवाल्यांनी सांगितली तीच आहे: शेजारी. एका देशाने कर लावला की सिमेंट दुसरीकडून येतं, भट्टी फक्त जागा बदलते. युरोपीय संघाने यासाठी आयात सिमेंट, पोलाद वगैरेंवर सीमेवरच कार्बनची किंमत लावायचं ठरवलं आणि ते २०२६ पासून प्रत्यक्षात आलं. पण युरोपच्या कार्बन परवान्यांच्या बाजारात गेल्या काही वर्षांत टनाचा भाव बहुतेक काळ ६० ते ९० युरोंच्या दरम्यान फिरत राहिला. सिमेंटचा वायू पकडून, वाहून, गाडायला त्याहून जास्त लागतात. ही मधली दरी कोणी भरायची?

मला त्यातल्या त्यात नेदरलँड्सची पद्धत पटते. सरकार आधी एक भाव ठरवतं. बाजारातला कार्बनचा भाव त्याच्या खाली असेल तर फरक सरकार देतं. बाजार वर चढला की देणं कमी होत जातं, शून्यावरही येऊ शकतं. रॉटरडॅमच्या पोर्थोस या कार्बन साठवणीच्या प्रकल्पासाठी सुमारे २१० कोटी युरो असे राखून ठेवले. यात कर आणि अनुदान भांडत नाहीत. कर जितका वाढेल तितकं अनुदान आपोआप आटतं.

तिजोरी

हे मान्य. फरकाचा करार असेल तर माझा विरोध बराच मावळतो. पण मग करसवलत नको. करसवलतीत बाजार चढो वा पडो, रक्कम तीच, आणि पडताळणी करविभागाकडे. २०२० मध्ये अमेरिकेच्या करविभागाच्या तपासनिसांनीच दाखवून दिलं की दावा केलेल्या १०० कोटींहून थोड्या जास्त डॉलरपैकी ८९ कोटी डॉलर अशा कंपन्यांनी घेतले होते ज्यांनी पर्यावरण खात्याचे देखरेखीचे नियम पाळलेच नव्हते. वायू खाली राहिला की नाही याची कागदावर नोंद नाही, सवलत मात्र घेतलेली. हे वाचून मला खरंच राग आला होता.

सरोज

मी यातली जाणकार नाही. पण पैसे कोणी का देईना, तो वायू खालून वर आला तर? ज्यांच्या घराखाली सोडणार त्यांना कोणी विचारतं का?

खडकवेडा

सरोजताई, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता. भूगर्भ हे माझं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

साधारण ८०० मीटरच्या खाली दाब आणि उष्णता इतकी असते की कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. तो मावतो वाळूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत, जिथे आधीच खारं पाणी असतं. वर शेल किंवा तशाच घट्ट खडकाचं झाकण हवं. काही वायू छिद्रांत अडकतो, काही पाण्यात विरघळतो, आणि फार सावकाश काही दगड होतो. बसाल्टमध्ये हे झपाट्याने होतं. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांत खनिज झालेला दिसला. त्याला पाणी मात्र टनामागे सुमारे २५ टन लागतं.

खडक चांगला निवडला तर गळतीची शक्यता फार कमी आहे, आणि हे मी उद्योगाची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. पण खडक आपल्या आराखड्याप्रमाणे वागतोच असं नाही. अल्जीरियातल्या इन सालाह इथे २००४ पासून वायू सोडत होते. उपग्रहाच्या मोजणीत वरची जमीन काही मिलिमीटरने उचललेली दिसली, झाकणाच्या खडकाबद्दल शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबवलं. नॉर्वेच्याच स्नोव्हिट वायूक्षेत्रात दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला, थर बदलावा लागला. दोन्हीकडे मोजमाप होतं म्हणून वेळेवर कळलं. मोजमाप महाग असतं आणि पैसे वाचवायचे ठरले की पहिली कात्री त्यालाच लागते.

माझी खरी काळजी खडकाची नाही, नळाची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतल्या साटार्शिया या गावाजवळ पावसाने टेकडीची माती घसरली आणि कार्बन डायऑक्साइड वाहून नेणारी नळवाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत सखल भागात साचतो. सुमारे २०० माणसांना हलवलं, ४५ जण रुग्णालयात गेले. प्राणवायूअभावी गाड्यांची इंजिनंही बंद पडली, म्हणजे पळून जायचं साधनही गेलं. मेलं कोणी नाही, पण ज्यांच्या शेताजवळून अशी वाहिनी जाणार त्यांना हे आधी सांगितलं पाहिजे, आणि त्यांना 'नको' म्हणायची सोय पाहिजे.

आणि शंभर वर्षांनी जबाबदार कोण? युरोपच्या २००९ च्या नियमांत असं आहे की विहीर बंद केल्यावर साधारणपणे किमान २० वर्षं जबाबदारी कंपनीची, मग सगळं स्थिर दिसलं तर सरकारची. आणि सोपवताना कंपनीने पुढच्या निदान ३० वर्षांच्या देखरेखीपुरता पैसा द्यायचा. माझ्या मते हेही एक अनुदानच आहे. कुठल्या अंदाजपत्रकात ते दिसत नाही, पण त्याची मुदत सगळ्यात लांब आहे.

सरोज

समजलं. घराजवळ वाहिनी येणार असेल तर गावातल्या दवाखान्याला आणि अग्निशमनवाल्यांना आधी शिकवलेलं असावं, एवढं तरी अनुदानाच्या अटीत लिहाच.

अनिकेत_प

हवेतल्या यंत्रांवरून माझा मुद्दा थोडा बदलतो. ती आज मोठ्या प्रमाणावर उभारायला पैसे नकोत; संशोधनाला आणि मोजक्या प्रायोगिक केंद्रांना हवेत. सगळं स्वच्छ केल्यावरही शेती आणि विमानांचं थोडं उत्सर्जन उरणारच, ते भरून काढायला काहीतरी हातात असावं. पण चिमणीतून निघताना पकडता येणारा टन सोडायचा आणि तोच नंतर ५०० पट विरळ झाल्यावर हवेत शोधत बसायचं, हे मलाही पटत नाही.

उत्तरवारा

सिमेंटपुरता मी निम्मा पटलो आहे. पण मृण्मयीताई, तुमच्या 'खडकात पोचवलेल्या टनाला पैसे' या सूत्रात एक खोट आहे आणि ती गंभीर आहे. टनाला पैसे दिले की जास्त टन निर्माण करणाऱ्याला जास्त मिळतात.

सिमेंटमध्ये क्लिंकर कमी करता येतो. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर आणता येतो आणि उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटतं. त्याला ना मनोरे लागतात, ना नळ, ना समुद्रतळ. ज्याने क्लिंकर निम्मा केला त्याच्याकडे पकडायला वायूच कमी, म्हणून अनुदानही कमी. ज्याने जुनाच माल काढला आणि वर मनोरे बांधले त्याला दुप्पट. टाळलेला टन आणि पकडलेला टन हवेला सारखेच आहेत, मग तिजोरीला का नसावेत?

मृण्मयी_क

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवस विचार करते आहे आणि तुमचं म्हणणं खोडता येत नाही.

सूत्र असं फिरवलं तर? पैसे पकडलेल्या टनावर मोजायचे नाहीत, तयार सिमेंटच्या टनावर मोजायचे. एक टन सिमेंटमागे अमुक इतका कार्बन हा मानदंड, आणि तो दर वर्षी खाली. त्याच्या खाली जो जितका जाईल तितकं त्याला. मग चिकणमातीने जावो, पकडून जावो, दोन्ही मिळून जावो. वायू वाहून नेणारी जहाजं, नळ आणि साठवणीच्या विहिरी सरकारने सामाईक म्हणून बांधाव्यात आणि वापरणाऱ्यांकडून भाडं घ्यावं. एकट्या कारखान्याला ते झेपणार नाही. खडकवेडांची देखरेख आणि सरोजताईंची अट त्या भाड्यातच धरावी.

भट्टीवाला

मृण्मयीताई, हे कारखान्यात चालेल. भट्टीवरच्या माणसाला एकच आकडा खाली आणायचा असला की तो रस्ता शोधतो. दहा अटी असल्या की अटींचा माणूस वेगळा नेमला जातो आणि भट्टी होती तशीच राहते.

एक भर घालतो. रस्ते, पूल, बंधारे यांमुळे सिमेंटचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बहुतेक ठिकाणी सरकारच असतं. सिमेंट बरंच महागलं तरी पुऱ्या पुलाच्या खर्चात ती वाढ थोड्या टक्क्यांची असते, कारण पुलाचा पैसा पोलाद, मजुरी, खोदकाम यांत जातो. मग निविदेतच लिहावं की या मानदंडाच्या वरचं सिमेंट घेणार नाही, आणि हे दहा वर्षं बदलणार नाही. आमच्या त्या बैठकीत असा एक कागद कोणी टेबलावर ठेवला असता, तर विषय तासाभरात मिटला नसता. अनुदानाच्या घोषणेवर कोणी भट्टी बदलत नाही. सरकार बदलेल तशी घोषणा बदलते. दहा वर्षांची मागणी हातात असली की बँकही कर्ज देते.

उत्तरवारा

त्या कागदावर मीही सही करेन. दहा वर्षांनंतरची तारीखही त्याच कागदावर छापलेली हवी.